दुसरी टेकडी

गिंताउतासच्या दंडात पहाटेपासून सुई आहे.
दर अर्ध्या तासाला मी चमचाभर रक्त काढते,
नळीवर वेळ लिहिते, नळी बर्फात उभी करते.
बाहेर कौनासमध्ये उणे अकरा.
खिडकीखालून ट्रॉलीबस जाते, तारेवर निळी ठिणगी उडते
आणि मान न वळवता तो सांगतो,
"तीन मिनिटं उशीर."

एकतीस वर्षं त्यानं ती चालवली.
शेवटच्या थांब्यावर अकरा दहाला
सात मिनिटं मिळायची.
राईचा पाव, गार बटाटे, सॉसेजचं टोक,
सगळं उभ्यानं, हातमोजे न काढता.
"घास घेताना आणि ब्रेक दाबताना
खाली बघायचं नसतं," तो म्हणतो.

गेल्या खेपेला त्याला बार्लीची लापशी दिली होती,
पाच मिनिटांत संपवायला.
त्यानं तीन घेतली.
आज तीच लापशी, तेवढीच,
पण अर्धा तास पुरवायची.

आतड्यातून "पुरे" हा शब्द निघतो
आणि रक्तातून पायी चालत येतो.
वाटेत त्याला घाई नसते.
तो मेंदूच्या दारात पोचायचा तेव्हा
हा माणूस डबा पुसून, दार लावून
पुढच्या फेरीला निघालेला असायचा.

आलेख आठवड्यानं आला.
भुकेची वर्दी देणारं ते संप्रेरक, ग्रेलिन,
बरोबर अकरा दहाला टेकडीसारखं चढलेलं.
निवृत्त होऊन तीन वर्षं झाली त्याला.
भुकेला पेन्शन मिळत नाही,
ती रोज सकाळी डेपोवर हजर.

हे ठीक होतं. हे आम्हाला अपेक्षित होतं.
पण रात्री नऊ चाळीसला
आणखी एक टेकडी होती, बुटकी,
कुणीतरी कागदाखाली बोट धरल्यासारखी.
जेवण सहाला झालेलं. मग हे काय?
"एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे,"
डॉक्टर युरगिता म्हणाल्या, आणि पान उलटलं.

मी नाही उलटलं.

आज अकराव्या चमच्याला त्याचं तोंड रिकामं राहिलं,
आणि रिकाम्या तोंडाचं काय करायचं
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
तो बोलायला लागला.
लापशीत मीठ कमी आहे. गुडघा दुखतो.
मग मी विचारलं, नऊ चाळीसला तुम्ही काय करता?
"काही नाही. टीव्ही."
चमचा वाडग्याच्या कडेला दोनदा वाजला.
"गिरणीतली दुसरी पाळी तेव्हा घरी यायची.
म्हणजे तेओफिले.
तिचं जेवण मी टॉवेलात गुंडाळून ठेवायचो.
माझं पोट भरलेलं असायचं,
पण माणसाला एकटं कसं जेवू द्यायचं?
मग पावाचा एक तुकडा मीही.
ती फार हळू खायची. चिडायचो मी."
किती वर्षं झाली, मी विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं: "नऊ."

सव्वीस मिनिटं झाली होती.
वाडग्यात दोन चमचे उरले होते
आणि त्यानं तो बाजूला सारला,
स्वतःच चकित होऊन,
हातून ट्रॉलीबस चुकावी तसा.
"नको. झालं माझं."
मी वहीत लिहिलं: उरले, बावीस ग्रॅम.

रात्रीची पाळी माझी नव्हती, तरी मी थांबले.
नऊ चाळीसला पावाची परवानगी नाही,
नियमात फक्त पाणी बसतं.
मी दोन पेले भरले, एक त्याच्यासमोर ठेवला,
एक घेऊन खुर्चीवर टेकले.
तो एका दमात पिणार होता.
मग त्यानं माझ्या पेल्याकडे बघितलं
आणि आपला खाली ठेवला.